मरू महोत्सव आणि समच्या वाळूतली एक रात्र: तंबूतल्या मुक्कामाची तयारी

राजस्थानात जैसलमेरला दरवर्षी मरू महोत्सव भरतो, आणि त्याचा शेवट गावापासून चाळीस किलोमीटरवर, समच्या वाळूच्या टेकड्यांवर होतो. समच्या वाळूत तंबू घ्यायचा तो एकाच रात्रीसाठी, महोत्सवाच्या शेवटच्या. बाकीचा मुक्काम जैसलमेर गावात ठेवावा. पुष्कळ जण याच्या नेमकं उलट करतात. सगळ्या रात्री वाळूतच काढायच्या म्हणून आगाऊ पैसे भरतात आणि मग रोज सकाळी चाळीस किलोमीटर गावात, संध्याकाळी चाळीस किलोमीटर परत अशा खेपा घालत बसतात. कारण महोत्सवाचे सुरुवातीचे दिवस वाळूत नसतातच. शोभायात्रा गडीसर तलावापासून निघते आणि पूनमसिंह स्टेडियमवर पोचते. पगडी बांधण्याची, मिशांची, पुरुषांसाठी मरुश्री आणि मुलींसाठी मिस मूमल किताबाची स्पर्धा तिथेच रंगते. उंटांचे खेळ आणि सीमा सुरक्षा दलाच्या उंटस्वारांच्या कसरती देदानसर मैदानावर होतात. वाळूच्या टेकड्यांकडे सगळा लवाजमा सरकतो तो अखेरीस. अलीकडच्या काही वर्षांत सुरुवातीचा एक दिवस पोखरणलाही असतो. कुठला कार्यक्रम कुठे आणि किती वाजता, हे दरवर्षी थोडं हलतं. त्यामुळे राजस्थान पर्यटन खात्याचं त्या वर्षीचं पत्रक हातात येईपर्यंत दिवसांचा तपशील पक्का धरू नये.

तारीख मात्र फार आधी कळते. महोत्सव माघ पौर्णिमेला संपतो. 2024 मध्ये ती 24 फेब्रुवारीला होती, 2025 मध्ये 12 फेब्रुवारीला, 2026 मध्ये 1 फेब्रुवारीला. अधिक मासामुळे 2027 मध्ये ती पुन्हा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सरकते. हा फरक फक्त रजेच्या अर्जापुरता नाही. पौर्णिमा 1 तारखेच्या आसपास आली तर रात्री सरळसरळ जानेवारीच्या असतात. 24 ला आली तर थंडी उतरणीला लागलेली असते आणि दुपारचं ऊन चटका देतं. सामान भरायच्या आधी कॅलेंडर बघावं ते एवढ्यासाठी.

पौर्णिमेची आणखी एक बाजू आहे, ती कोणी आधी सांगत नाही. वाळवंटातलं काळंभोर आकाश आणि आकाशगंगा बघायची म्हणून येणार असाल, तर महोत्सवाची रात्र त्यासाठी अगदी वाईट. सूर्य मावळतो न मावळतो तोच समोरून पूर्ण चंद्र वर येतो आणि रात्रभर डोक्यावर असतो. वाळूवर चांदणं सुरेख पडतं, पण तारे मोजकेच दिसतात. ताऱ्यांसाठी अमावस्येच्या आगेमागे वेगळी खेप करावी.

पोचणं

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या दिवसाच्या 60 दिवस आधी उघडतं, आणि या दिवसांतल्या गाड्या लवकर भरतात. मुंबईहून जैसलमेरला थेट गाडी आहे, पण ती रोज नाही. रोजचा खात्रीचा रस्ता जोधपूरवरून. वांद्र्याहून जोधपूर, तिथून रेल्वेने किंवा बसने जैसलमेर, त्याला पाच-सहा तास धरावेत. जोधपूरच्या पुढे स्लीपरच्या खिडकीतून बारीक धूळ आत येत राहते. तेव्हा पांघरूण, पाण्याची बाटली आणि नाकावर बांधायला रुमाल हाताशी ठेवावा, बॅगेच्या तळाशी नको.

परतीचं तिकीट काढताना बहुतेक जण गडबड करतात. शेवटच्या रात्री समला कार्यक्रम संपला की सगळी वाहनं एकाच वेळी त्या एकमेव रस्त्यावर येतात. एरवी तासाभराचं अंतर मग किती वेळ खाईल, याचा भरवसा नाही. त्या रात्रीची गाडी पकडायचा बेत करू नये. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचीच हवी.

स्टेशनच्या बाहेर पडताच, कधी कधी गाडीतच, ‘सस्ता कॅम्प’ घेऊन माणसं गाठतात. राजस्थानात यांना लपके म्हणतात. सगळेच फसवतात असं नाही, पण फोटो एका कॅम्पचे आणि तंबू दुसऱ्या कॅम्पचा, हा प्रकार इथे नेहमीचा आहे. ज्या दिवशी गाव तुडुंब भरलेलं असतं त्या दिवशी समोर आलेलं नाकारायची ताकद उरत नाही. म्हणून तंबू आधी ठरवूनच निघावं.

तंबू ठरवताना

समला दोन प्रकारचे तंबू मिळतात. स्विस टेंट म्हणजे जाड कापडाची जवळजवळ खोलीच. आत पलंग, मागे जोडलेलं न्हाणीघर. साधा तंबू म्हणजे एकेरी कापड, आत खाट किंवा नुसती गादी, आणि न्हाणीघर-संडास सगळ्यांना मिळून एका बाजूला. एका रात्रीसाठी साधा तंबू पुरतो, पण सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर पैसे वाचवू नयेत. पहाटे तीन वाजता गार वाळूतून दीडशे पावलं संडासापर्यंत चालणं आणि परत येऊन आपला तंबू ओळखणं त्यांना जड जातं.

फोनवर विचारायचे प्रश्न हे:

- कॅम्प नक्की कुठे आहे? ‘सम’ म्हणून विकले जाणारे बरेच कॅम्प अलीकडे कनोईच्या बाजूला रस्त्यालगत आहेत. नकाशावरचं ठिकाण पाठवायला सांगावं आणि टेकड्यांपर्यंतचं अंतर आपण स्वतः मोजावं. शेवटच्या रात्री कार्यक्रमाच्या जागेपासून चालत परतता येईल असा कॅम्प मिळाला तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही, कारण रस्त्यावरच्या कोंडीतून सुटका होते.
- माणशी किती रजया? एक म्हणाले तर दोन मागून, लिहून घ्याव्यात.
- जनरेटर किती वाजता बंद होतो? साध्या कॅम्पांत रात्री दहा-अकरानंतर वीज जाते. तंबूत प्लग असतोच असं नाही.
- गरम पाणी नळाला की बादलीने? बादलीने असेल तर सकाळी किती वाजेपर्यंत?
- पैशांत काय काय आलं? उंटावरची फेरी, संध्याकाळचा चहा, गाणं-नाच, रात्रीचं जेवण आणि नाश्ता हे बहुधा धरलेलं असतं. जीपची फेरी बहुधा वेगळी असते आणि तिथे गेल्यावर गळ्यात मारली जाते.
- संगीत कोणाचं? हा प्रश्न खरंच विचारावा. काही कॅम्पांत मांगणियार किंवा लंगा या पिढीजात गाणाऱ्या समाजांतले कलाकार कमायचा किंवा सारंगी, खडताल आणि मोरचंग ही वाद्यं घेऊन बसतात. काही ठिकाणी अर्ध्या तासाच्या कालबेलिया नाचानंतर डीजे सुरू होतो आणि मध्यरात्रीपर्यंत झोप नाही. कापडाच्या भिंतीला आवाज अडत नाही, शेजारच्या कॅम्पचाही.

जे ठरलं ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावं: तारीख, तंबूचा प्रकार, माणसं, एकूण रक्कम, आगाऊ भरलेले पैसे. फोनवरचं बोलणं महोत्सवाच्या गर्दीत टिकत नाही.

गर्दी नकोच असेल तर जैसलमेरच्या नैर्ऋत्येला खुहडी आहे. टेकड्या समपेक्षा लहान, पण गाव शांत, आणि बऱ्याच ठिकाणी मातीच्या झोपड्यांतही सोय होते. महोत्सवाचा काही भाग काही वर्षी तिथेही होतो.

थंडीची तयारी

वाळवंट म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात घेऊन आलेला माणूस रात्री कुडकुडत बसतो. फेब्रुवारीत जैसलमेरला दुपारी पारा पंचविशीच्या घरात असतो आणि पहाटे दहाच्या आसपास. उघड्यावर त्याहून खाली. कारण सरळ आहे. हवा कोरडी, ढग नाहीत, त्यामुळे दिवसभराची ऊब अडवून धरायला वर काहीच नसतं. वाळू उष्णता खोलवर जाऊ देत नाही. वरचा थोडासाच थर तापतो आणि सूर्य गेल्यावर तेवढ्याच झटक्यात निवतो. त्यात गार हवा जड असल्यामुळे ती टेकड्यांवरून घरंगळून मधल्या सपाटीत साचते, आणि तंबू असतात ते नेमके त्याच सपाटीत. टेकडीच्या माथ्यावर स्वेटरवर भागतं, खाली आलं की दात वाजतात.

म्हणून कपडे थरांनी घ्यावेत. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. एका जाड कोटापेक्षा हे बरं, कारण संध्याकाळी सहा ते दहा या चार तासांत एकेक थर चढवावा लागतो. कानटोपी हवीच. लोकरीचे मोजे दोन जोड: दिवसभर पायात असलेला जोड घामाने दमट झालेला असतो, तो घालून झोपलं की पाय रात्रभर ऊब धरत नाहीत.

झोपताना मुख्य चूक होते ती रजई वापरण्यात. दोन्ही रजया अंगावर घेतल्या जातात, आणि थंडी मात्र खालून येते. खाट असेल तर तिच्याखालून हवा फिरते, गादी जमिनीवर असेल तर वाळू अंगातली ऊब ओढून घेते. एक रजई खाली, एक वर, हे त्या दोन रजयांचं जास्त चांगलं वाटप. साध्या कॅम्पांतल्या रजया दर पाहुण्यामागे धुतल्या जात नाहीत, म्हणून घरची सुती चादर पिशवीसारखी तीन बाजूंनी शिवून आणावी आणि तिच्यात शिरून झोपावं. तिचं वजन अर्धा किलोही होत नाही. रबराची गरम पाण्याची पिशवी असेल तर जेवणानंतर स्वयंपाकघरातून भरून घ्यावी आणि झोपायच्या दहा मिनिटं आधी पायथ्याशी ठेवावी.

तंबूत शेगडी किंवा शेकोटीतले निखारे घमेल्यात आणून ठेवू नयेत. कोणी आपुलकीने आणून दिले तरी परत पाठवावेत. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बंद कापडात झोपलेल्याला तो उठूच देत नाही.

तंबू घट्ट बंद करायचाही मोह होतो. पण दोघांच्या रात्रभराच्या श्वासातली वाफ एकेरी कापडावर आतून जमते आणि पहाटे थेंब थेंब पांघरुणावर पडते. वाऱ्याच्या उलट बाजूची चेन वरून वीतभर उघडी ठेवावी. डोकं आणि सामान कापडाला टेकू देऊ नये, कारण टेकतं तिथेच ओल आत उतरते.

सामानात आणखी काय

डोक्याला बांधायची विजेरी, हातातली नव्हे. संडासात दोन्ही हात मोकळे लागतात. पॉवर बँक पूर्ण भरलेली, आणि झोपताना फोनसकट रजईत, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. सुती पंचा किंवा मोठा रुमाल नाकातोंडावर बांधायला. लेन्स वापरणाऱ्यांनी चष्माच लावावा. बारीक वाळू लेन्सखाली गेली की बुबुळावर ओरखडा उठतो. दम्याचा पंप खिशात. ओठांना आणि नाकपुड्यांच्या आत लावायला व्हॅसलिन किंवा तूप, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं. पाणी माणशी तीन लिटर धरावं. थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरडी हवा अंगातलं पाणी काढत असतेच. दहा, वीस, पन्नासच्या नोटा जवळ असू द्याव्यात. गर्दीच्या रात्री नेटवर्क कोलमडतं आणि यूपीआयचं चाक फिरत राहतं.

पायात काय घालायचं यावर मतं वेगवेगळी असतात. दिवसा टेकडीवर अनवाणी चालणं सगळ्यात सोपं, बुटांत वाळू भरून ते विटेसारखे जड होतात. पण टेकड्यांच्या कडेच्या गवताळ पट्ट्यात अनवाणी जाऊ नये. तिथे भुरट नावाचं गवत असतं. त्याची काटेरी बोंडं म्हणजे आपल्या कुसळांची थोरली बहीण. मोज्यात, शालीत, तळपायात घुसतात आणि बोटाने उपटायला गेलं की बोटात रुततात. एक चिमटा पाकिटात असावा. अंधार पडल्यावर मात्र बूट घालूनच चालावं. थारमध्ये विंचू आहेत आणि कोकणातल्यांच्या ओळखीचं फुरसंही आहे. थंडीत ते सुस्त असतात, पण बाहेर काढून ठेवलेला बूट सकाळी उलटा आपटल्याशिवाय पायात घालू नये. बॅगेची चेन बंद ठेवावी आणि रजई झटकून अंगावर घ्यावी.

ड्रोन घरीच ठेवावा. हा सीमेलगतचा जिल्हा आहे, गावात हवाई दलाचा तळ आहे. परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर जप्तीवर निभावणार नाही. ओळखपत्र प्रत्येकाचं मूळ, फोनमधला फोटो नाही. कॅम्पच्या नोंदवहीतही ते लागतं.

स्वतःचा तंबू आणणार असाल तर कॅम्पच्या आवारातच लावू द्याल का ते विचारावं. उघड्या वाळूत एकट्याने पथारी टाकू नये. नेहमीच्या लोखंडी खुंट्या वाळूत धरत नाहीत, पहिल्या झुळकीला उपटतात. त्याऐवजी कापडी पिशवीत चार-पाच किलो वाळू भरून तोंड बांधावं, तिच्या मध्यावर दोरी बांधावी, आणि दीड फूट खोल आडवी पुरून वरची वाळू पायाने दाबावी. चार कोपऱ्यांना चार पिशव्या, वाऱ्याच्या बाजूला आणखी दोन. दार वाऱ्याच्या उलट बाजूला.

शेवटचा दिवस

जैसलमेरहून बारापर्यंत निघावं. वाटेत कुलधरा हे ओसाड गाव पाहून तीनपर्यंत कॅम्पवर पोचता येतं. चारनंतर समच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते, आणि सूर्यास्त गाडीच्या काचेतून बघावा लागतो.

पोचल्यावर आधी उजेड असताना चार गोष्टी कराव्यात. तंबूच्या दोऱ्या ओढून बघाव्यात, सैल असतील तर तेव्हाच ताणून घ्याव्यात. रजया मोजाव्यात आणि उन्हात टाकाव्यात. संडासापर्यंत एकदा चालत जाऊन वाट डोक्यात बसवावी. आणि कॅम्पच्या फाटकाचा, जवळच्या खांबाचा फोटो काढून नकाशावर खूण करावी. रात्री सगळे पांढरे तंबू आणि सगळ्या दिव्यांच्या माळा सारख्याच दिसतात.

उंटावर बसताना सैल, पूर्ण पायांचे कपडे हवेत. साडी किंवा घट्ट जीन्सने हाल होतात. उंट उठतो तेव्हा मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. बसतो तेव्हा पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे झटका परत पुढेच. दोन्ही वेळा खोगिराचा दांडा धरून मागे रेलायचं. फोन चेनच्या खिशात ठेवायचा. पडलेले फोन बहुतेक याच दोन क्षणांत पडतात. गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर उंटगाडी घ्यावी, टेकडीपर्यंत तीही नेते. नाकातून रक्त येणारा किंवा लंगडणारा उंट दिसला तर त्यावर बसू नये आणि का ते मालकाला सांगावं.

जीपची फेरी जेवणाआधीच. पट्टा नसलेल्या उघड्या जीपमध्ये उभं राहून जाण्याचा आग्रह होतो, तो मोडून काढावा. गरोदर बाई, मणक्याचा त्रास असलेला माणूस यांनी वाटेला जाऊ नये.

टेकडीवर सूर्यास्तासाठी साडेपाचपर्यंत चढावं. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. गर्दी पहिल्याच टेकडीवर थांबते. आणखी दहा मिनिटं चाललं तर पावलांचे ठसे नसलेली वाळू सापडते. चढताना धारेवरून चालावं, उतारावरून नाही. वाऱ्याकडची बाजू दाबलेली आणि टणक असते, आडोशाची बाजू मऊ, तिथे दर पावलाला अर्धं पाऊल मागे घसरतं.

जेवणात डाळ-बाटी-चुरमा, केर-सांगरी, गट्ट्याची भाजी आणि बाजरीची रोटी असते. तिखट आणि तूप दोन्ही सढळ. बाटीवर तूप नको म्हणू नये, कोरडी बाटी घशात अडकते. वाऱ्याकडे पाठ करून जेवावं, नाहीतर प्रत्येक घासात कचकच लागते. गाणारे आवडले तर बक्षिसी थेट त्यांच्या हातात द्यावी.

सकाळ

जैसलमेर देशाच्या अगदी पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान उगवतो. साडेसहाला टेकडीवर असलात तर पुरे. त्या वेळी वाळूवर रात्रीच्या किड्यांच्या, उंदरांच्या माग-रेषा स्वच्छ उमटलेल्या असतात; आठनंतर वारा सुटला की पुसल्या जातात. आदल्या रात्रीचा प्लास्टिकचा कचराही तेव्हाच दिसतो. आपला कचरा, ओले टिश्यू धरून, पिशवीत घालून गावात न्यावा. वाळूत पुरलेलं दोन दिवसांत उघडं पडतं. जवळच राष्ट्रीय मरू उद्यान आहे, आणि आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजलाही दुर्मीळ झालेला माळढोक पक्षी, तिथला गोडावण, शेवटचा तग धरून आहे तो याच भागात. वेळ आणि परवानगी असेल तर उद्यानातल्या सुदासरीला सकाळ द्यावी.

गरम पाण्याची बादली साडेआठच्या आत मागून घ्यावी. निघताना कपडे झटकून वेगळ्या पिशवीत भरावेत, नाहीतर वाळू अख्ख्या बॅगेत पसरते. कॅमेऱ्याची लेन्स कापडाने पुसू नये, कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअरच्या रबरी फुग्याने हवा मारून घ्यावी, आणि चार्जिंगचं भोक टाचणीने नव्हे, कोरड्या मऊ ब्रशने साफ करूनच त्यात वायर घालावी.